अस्वल न बघता अस्वलं मोजायची कशी: केसापासून आकड्यापर्यंत

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायचे, हे आपल्याकडे मेळघाट-ताडोबाला गेलेल्या बऱ्याच जणांनी केलंय. मीही केलंय, आणि तिथेच मला पहिल्यांदा हा प्रश्न पडला होता की रात्री दहाला आलेलं अस्वल आणि पहाटे तीनला आलेलं अस्वल, एकच होतं का दोन? वाघाचे पट्टे कॅमेऱ्यात येतात त्यामुळे हा कोणता वाघ ते कळतं, बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच. अस्वल मात्र सगळं काळं, सगळं केसाळ, छातीवरचा पांढरा पट्टा नीट दिसला तर दिसला, नाहीतर राम राम. वहीत मी "अस्वल – २" लिहिलं आणि ते दोन आहेत याची मला काहीच खात्री नव्हती.

नंतर इकडे अमेरिकेत मॉन्टानाच्या डोंगरात दोन उन्हाळे सीझनल फील्ड असिस्टंट म्हणून काम केलं आणि त्या प्रश्नाचं उत्तर हातात आलं, ते म्हणजे केस. काटेरी तारेला अडकलेले चार-पाच केस, त्यांच्या मुळाशी असलेला डीएनए. आता गावाकडची वाइल्डलाइफ शिकणारी पोरंपोरी मेसेज करून विचारतात की हे नक्की करतात कसं, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहितोय. जास्त करून ग्रिझलीबद्दल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलाबद्दल लिहीन कारण ही पद्धत तिथेच सगळ्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि आपल्या अस्वलासाठी (इंग्रजीत स्लॉथ बेअर) काय बदलावं लागेल ते जाता जाता सांगतो.

आधी गणित समजून घ्या, मग जंगलात जा

नवीन लोकांना वाटतं की डीएनएने अस्वलं "मोजतात". तसं नाहीये. डीएनएने फक्त एवढंच कळतं की हे सॅम्पल कुठल्या अस्वलाचं आहे. मोजणी होते ती परतभेटीवरून. म्हणजे तेच अस्वल दुसऱ्यांदा भेटलं का, किती वेळा भेटलं, यावरून.

साधं उदाहरण घ्या, आकडे मी समजावायला घेतलेत. पहिल्या फेरीत ४० वेगवेगळी अस्वलं सापडली. दुसऱ्या फेरीत ३६ सापडली आणि त्यातली १२ पहिल्या फेरीतलीच निघाली. म्हणजे दुसऱ्या फेरीत आलेल्यांपैकी एक तृतीयांश आपल्या "ओळखीची" होती, तर मग पहिली ४० ही एकूण संख्येच्या साधारण एक तृतीयांश असणार. ४० गुणिले ३६ भागिले १२, उत्तर १२०. मासे मोजायला हीच युक्ती शंभरेक वर्षांपूर्वीपासून वापरतात, त्यात माशाला खूण करायची असते, इथे अस्वल आपली खूण जन्मापासून घेऊन फिरतंय.

आता गंमत बघा. समजा लॅबमध्ये किंवा फील्डवर गडबड झाली आणि त्या १२ पैकी ३ अस्वलं "नवीन" म्हणून धरली गेली. परतभेटी उरल्या ९. ४० गुणिले ३६ भागिले ९, उत्तर १६०! तीन सॅम्पलच्या चुकीने चाळीस अस्वलं हवेतून तयार झाली. उलटं झालं, म्हणजे तीन वेगळ्या अस्वलांना आपण ओळखीचीच समजलो, तर परतभेटी १५ आणि उत्तर ९६. खाली जे काही लिहिलंय, म्हणजे पाकीट, चिमटा, लायटर, लॅबमधला फेरतपास, ते सगळं या परतभेटीच्या एका आकड्याला सांभाळण्यासाठी आहे. हे डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

परवानगी

आपल्याकडे अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे जंगलात पडलेला केस किंवा विष्ठासुद्धा "सापडली म्हणून उचलली" असं चालत नाही, मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय पाकीट काढायचंच नाही. आणि सॅम्पल परदेशी लॅबला कुरियर करू असा विचार कोणी करत असेल तर लगेच सोडून द्या, आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत पण आपलं अस्वल सगळ्यात वरच्या वर्गात आहे. गरजही नाही, हैदराबादला सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संस्थेची लॅब आहे, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेने तर मध्य भारतात वाघ, बिबट्या आणि रानमांजरासोबत अस्वलाच्या विष्ठेवरून जंगलं एकमेकांना किती जोडलेली आहेत हे तपासलंय. लॅबशी बोलणं फील्डच्या आधी करायचं, नंतर नाही. त्यांना कसं सॅम्पल हवंय, कशात हवंय, हे त्यांनाच विचारा.

ग्रिड आखणं

इथे मी जरा थांबणार आहे कारण बहुतेक प्रोजेक्टची वाट इथेच लागते, आणि ती लागलीय हे कळतं दोन वर्षांनी.

मॉन्टानात २००४ साली अस्वल-संशोधक कॅथरीन केंडल यांच्या टीमने जे काम केलं ते या विषयात सगळ्यांना दाखवतात. ग्लेशियर नॅशनल पार्क, बॉब मार्शल वाइल्डरनेस, ब्लॅकफीट या मूळनिवासी लोकांची जमीन, आजूबाजूची जंगलं, असा ३१ हजार चौरस किलोमीटरच्या वरचा भाग. आपला अख्खा पुणे जिल्हा साधारण साडेपंधरा हजार, म्हणजे त्याच्या दुप्पट समजा. त्यांनी या भागावर ७ किलोमीटर बाय ७ किलोमीटरचे ६४१ चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात काटेरी तारेचा एक ट्रॅप (तो कसा असतो ते खाली सांगतो), १४ दिवस ठेवायचा, केस गोळा करायचे, मग त्याच चौकोनात जागा बदलून परत लावायचा, असं चार वेळा. एकूण २,५५८ ट्रॅप झाले.

हे ७ किलोमीटर आले कुठून? तर मादीच्या फिरण्याच्या हद्दीवरून. नर ग्रिझली शेकडो चौरस किलोमीटर फिरतो, तो कुठे ना कुठे तारेखालून जाणारच. मादीची हद्द खूप लहान. चौकोन इतका मोठा ठेवला की मादीची पूर्ण हद्द दोन ट्रॅपच्या मधल्या मोकळ्या जागेत बसली, तर ती मादी तुमच्या हिशोबात कधीच येणार नाही, आणि ती आली नाही हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून नियम असा धरा की एका मादीच्या हद्दीत कमीत कमी दोन-तीन ट्रॅप पडले पाहिजेत.

म्हणूनच मॉन्टानाचा ग्रिड उचलून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात टाकायचा नाही. आपल्या अस्वलाची हद्द त्यापेक्षा कितीतरी लहान असते, नेपाळमधल्या चितवनला रेडिओ कॉलर लावून बघितलं होतं तेव्हा ती नर-मादी दोघांचीही सरासरी १५ चौरस किलोमीटरच्या आत निघाली होती. ४९ चौरस किलोमीटरच्या एका चौकोनात अशा तीन-चार माद्या आरामात राहतील आणि त्यातली एकच ट्रॅपपर्यंत येईल. ग्रिड बारीक पाहिजे, आणि पैसे तेवढेच असतील तर भाग छोटा घ्या. मोठा भाग आणि विरळ ट्रॅप हा मोह प्रत्येकाला होतो, नकाशावर छान दिसतं ना ते.

सीझनचं पण बघायचं. मॉन्टानात ट्रॅप १५ जूनच्या आसपास लागले आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालले. बर्फ वितळलेलं असतं, अस्वलं गुहेबाहेर असतात, आणि उन्हाळ्यात जुने केस झडत असतात म्हणून तारेला चटकन सुटून येतात. दोनेक महिन्यांत सगळं उरकायचं याला अजून एक कारण आहे. गणित असं धरून चालतं की मधल्या काळात फारसं कोणी जन्मलं नाही, मेलं नाही, बाहेरून आलं नाही. सहा महिने लांबवलं की हे गृहीतक कोसळतं.

ट्रॅप लावणं

ट्रॅप म्हणजे पिंजरा नाही, अस्वल त्यात अडकत नाही. चार-सहा झाडांभोवती काटेरी तारेचा एकच फेरा, एकूण घेर २५-३० मीटर, जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटर उंच. मधोमध पालापाचोळा, कुजलेल्या फांद्या यांचा ढीग आणि त्यावर वास. अस्वल वास घ्यायला तारेखालून किंवा तारेवरून आत जातं, पाठीचे किंवा पोटाचे केस काट्याला राहतात, बस.

तार ताणून लावा. ढिली तार अस्वल नुसती ढकलून आत जातं आणि केस येत नाहीत. जमीन वरखाली असेल तर खड्ड्याच्या जागी खाली ओंडके टाकून फट बुजवा, आणि उंचवटा आला तिथे तार वर घ्या, प्रत्येक काट्याच्या खाली टेपने मोजायचं, अंदाजाने नाही. मला सुरुवातीला हे फार चिकित्सक वाटायचं, पण एक फट ठेवली की अस्वलाला तीच बरोबर सापडते, हे परत गेल्यावर मातीतल्या पंज्यांवरून दिसतं आणि तारेला एक केस नसतो.

वासाचं सांगतो. २००४ ला त्यांनी गुरांचं रक्त महिनोन्‌महिने कुजवून आणि मासे कुजवून त्याचं पाणी असं मिश्रण वापरलं, एका ट्रॅपला साधारण ३ लिटर. तो वास कपड्यांतून जात नाही, केसांतून जात नाही, गाडीतून तर नाहीच. बरणीचं झाकण उघडताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा आणि हातमोजे घाला.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, वास द्यायचा, खाऊ द्यायचा नाही. आत मांसाचा तुकडा किंवा मध ठेवला तर अस्वल शिकतं की तार दिसली की जेवण, मग तेच तेच अस्वल प्रत्येक फेरीला येतं आणि परतभेटी खोट्या वाढतात, हिशोब कमी येतो. त्यापेक्षाही वाईट म्हणजे माणसाच्या वासाला जेवणाशी जोडणारं अस्वल शेवटी कुणाच्या तरी अंगणात जातं आणि गोळी खातं. जागा बदलत राहायचं आणि दर फेरीत वेगळा वास वापरायचा त्यामागेही हेच कारण आहे, कंटाळा येऊ नये आणि सवयही लागू नये.

पायवाट, कॅम्पसाइट, वस्ती यांच्यापासून लांब लावायचं, पाटी लावायची. विदर्भात तर गुरं चारायला जंगलात येतात, तेंदूपत्ता आणि मोहफूल वेचायला बाया पहाटे अंधारात निघतात, तिथे वासाचा ट्रॅप लावायचा विचार गावाशी बोलल्याशिवाय करूच नये. मोहाखाली अस्वल आणि माणूस समोरासमोर येऊन किती लोक जखमी होतात ते चंद्रपूर-गोंदियाकडच्या कोणालाही विचारा. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे वासाच्या ट्रॅपपेक्षा विष्ठा आणि घासणीची झाडं यावरच भर द्यावा.

घासणीची झाडं

अस्वलांना पाठ घासायची ठरलेली झाडं असतात. साल गुळगुळीत झालेली, भेगांत केस, खाली पायाचे ठसे त्याच त्याच जागी. मॉन्टानात झाडांसोबत विजेचे खांब आणि पाट्यासुद्धा घासतात. अशा जागी बुंध्यावर काटेरी तारेचे छोटे तुकडे खिळ्याने ठोकायचे आणि ठरावीक दिवसांनी जाऊन केस काढायचे, वासाची गरज नाही. २००४ ला अशा ४ हजारांच्या वर जागा त्यांनी तपासल्या.

याची गरज का? कारण वासाच्या ट्रॅपला सगळी अस्वलं सारखी येत नाहीत. छोटी पिल्लं तारेखालून केस न लागता निघून जातात, पिल्लांची आई जरा बिचकून असते. घासणीवर नर जास्त येतात, विशेषतः मिलनाच्या दिवसांत. दोन वेगळ्या जाळ्यांत वेगळी वेगळी अस्वलं लागतात, आणि दोन्ही एकत्र केली की एकाची चूक दुसरं भरून काढतं. दुसरी जाळी स्वस्तही पडते, रस्त्याने जाता जाता होते.

केस गोळा करणं

हा भाग दोनदा वाचा, कृपा करून.

एका काट्यावरचे केस म्हणजे एक सॅम्पल, एक पाकीट. शेजारच्या काट्यावर तसेच दिसणारे केस असले तरी दुसरं पाकीट. मी पहिल्या सीझनला संध्याकाळ व्हायला आली, पाऊस भरून आला म्हणून शेजारशेजारच्या दोन काट्यांचे केस एकाच पाकिटात टाकले होते, रंग अगदी सारखा होता. लॅबमधून निकाल आला की एका मार्करवर (डीएनएमधली तपासायची ठरलेली जागा, पुढे सांगतो) तीन आकडे येतायत, जे एका अस्वलात शक्य नाही. दोन अस्वलांचे केस होते, बहुतेक आई आणि मोठं पिल्लू. सॅम्पल बाद. ती आई आम्हाला परत कुठेच भेटली नाही, त्यामुळे ती हिशोबात आलीच नाही, आणि मला ते अजूनही टोचतं.

चिमट्याने काढायचं, हाताने नाही. केस ओढताना मुळासकट आले पाहिजेत, डीएनए मुळात असतो, नुसत्या केसाच्या दांड्यात आपल्याला हवा तसला जवळजवळ नसतोच. वरचे राठ केस असतील तर आठ-दहा मुळं मिळाली तर उत्तम, आतली मऊ लव असेल तर त्याहून बरीच जास्त लागते. आपल्या अस्वलाला आतली लव जवळजवळ नसतेच, लांब राठ केसच असतात, ही एक सोय आहे.

केस काढून झाले की त्या काट्यावर लायटर किंवा छोटा गॅस टॉर्च धरायचा, उरलेलं सगळं जळून गेलं पाहिजे, म्हणजे पुढच्या फेरीत जे सापडेल ते पुढच्या फेरीचंच असेल. वणव्याचे दिवस असतील तर पाणी सोबत ठेवून, आणि जिथे आग लावायची परवानगीच नाही तिथे तार बदलायची. चिमटाही दर सॅम्पलनंतर ज्योतीत धरायचा.

पाकीट कागदाचं. प्लास्टिकची झिपवाली पिशवी बघायला छान, पण आत ओलावा धरते आणि ओलावा डीएनएला खातो. पाकिटं संध्याकाळी सिलिका जेलच्या डब्यात. आपल्याकडे पावसाळ्यात तर सिलिका जेल दर दोन दिवसांनी बघायला हवं, रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करून परत वापरायचं. ऊन सुद्धा वैरी आहे, त्यामुळे पाकिटं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

पाकिटावर जागेवरच लिहायचं, कॅम्पवर आल्यावर नाही. ट्रॅप नंबर, काटा नंबर, तारीख, फेरी, जीपीएस, कोणी काढलं. पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या पेनने. आणि रिकामा ट्रॅप सापडला तरी नोंद करायची, "काहीच नाही" हा पण डेटा आहे, गणिताला तो लागतो.

दोघांशिवाय जायचं नाही, बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखटाचा फवारा) कमरेला, बॅगेत नाही. ट्रॅपकडे जाताना मोठ्याने बोलत जायचं.

विष्ठा असेल तर

स्वीडनमध्ये शरद ऋतूत मूसच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला जाणारे शिकारीच जंगलातून अस्वलाची विष्ठा गोळा करून लॅबला पाठवतात आणि त्यावर देशभराचा अंदाज निघतो, हे मला फार आवडतं, कारण जंगलात रोज जाणाऱ्या माणसाइतकी ठिकाणं कुठल्याच संशोधकाला माहीत नसतात. आपले वनमजूर आणि बीट गार्ड यांना हे शिकवलं तर काय होईल याचा विचार करा. पाकिस्तानातल्या देवसाईच्या पठारावर पण विष्ठेतल्या डीएनएवरूनच तपकिरी अस्वलांचा ४० ते ५० असा अंदाज काढला होता.

विष्ठेत डीएनए अस्वलाच्या आतड्याच्या पेशींचा असतो, आणि त्याच्यासोबत जेवणाचा, जंतूंचा पण असतो, म्हणून केसापेक्षा अवघड. ताजी पाहिजे. बाहेरच्या ओलसर थरातून थोडंसं, बोटाच्या पेराएवढं पुरे, स्वच्छ काडीने घ्यायचं आणि तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचं किंवा सिलिकावर पूर्ण वाळवायचं. ढीगभर घेतलं तर अल्कोहोल पातळ होतं आणि सगळंच सडतं. आपल्याकडे अस्वलाची विष्ठा ओळखायला तशी सोपी, बोराच्या बिया, बहाव्याच्या बिया, जांभळाच्या बिया, नाहीतर वाळवी-मुंग्यांचे तुकडे खचाखच. बिया जास्त असतील तिथून न घेता कडेचा चिकट भाग घ्या. मे महिन्यात ती काही तासांत वाळते, ते ठीक आहे, वाळणं चांगलं, पण उन्हात भाजणं वाईट, त्यामुळे सकाळी लवकर फिरा. भर पावसात मात्र काही मिळत नाही, वाहून जातं.

अलास्का-ब्रिटिश कोलंबियाकडे अर्धवट खाल्लेल्या सॅमन माशावरची लाळसुद्धा पुसून घेतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही पण तत्त्व तेच आहे, अस्वलाने जिथे पेशी सोडल्या ते सॅम्पल.

लॅबमध्ये काय होतं

तुम्ही लॅबमध्ये काम करणार नसलात तरी हे माहीत असायला पाहिजे, नाहीतर निकालाचा कागद हातात आला की नुसती मान हलवाल.

पहिलं काम, अस्वल कुठलं. मॉन्टानात काळं अस्वल पण भरपूर आहे आणि नावाने काळं असलं तरी ते तपकिरी, दालचिनी रंगाचंही असतं, त्यामुळे केसाच्या रंगावर जायचं नाही. एक मार्कर चालवून ग्रिझली वेगळी काढतात. आपल्याकडे हीच पायरी रानडुक्कर आणि गुरांचे केस बाजूला काढायला लागेल.

मग ओळख. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोनच अक्षरं परत परत येतात, जसं "घर घर घर घर". कोणाकडे हे १२ वेळा, कोणाकडे १५ वेळा. प्रत्येकाकडे आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन आकडे. अशी सहा-सात-आठ ठिकाणं तपासली की आकड्यांची जी जोडी-जोडी मिळते ती त्या अस्वलाचा आधार नंबर समजा. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. अस्वलांसाठी हे मार्कर १९९० च्या दशकात कॅनडात तयार झाले, डेव्हिड पेटकाऊ यांचं नाव या कामात सारखं दिसेल. आता हळूहळू एसएनपी नावाची दुसरी पद्धत येतेय, एकाच अक्षराचे बदल शेकडो ठिकाणी बघायचे, त्यात एका लॅबचा निकाल दुसऱ्या लॅबशी जुळवणं सोपं जातं.

किती मार्कर पुरेत? हे त्या जागच्या अस्वलांवर ठरतं. अलास्काच्या कोडियाक बेटावरची अस्वलं हजारो वर्षं वेगळी पडल्यामुळे एकमेकांसारखी झालीयत, तिथे मेनलँडवर पुरणारे मार्कर दोन भावंडांना वेगळं ओळखू शकणार नाहीत. म्हणून आधी थोडी सॅम्पल चालवून बघतात की दोन सख्खी भावंडं योगायोगाने सारखी दिसायची शक्यता किती, आणि ती नगण्य होईपर्यंत मार्कर वाढवतात. लहान, तुटलेल्या जंगलातल्या अस्वलांसाठी हा मुद्दा विसरू नका.

आता चुका. डीएनए थोडा असेल तर दोन आकड्यांपैकी एक कधीकधी दिसतच नाही, १२/१५ वालं अस्वल १२/१२ दिसतं. झालं, कागदावर नवीन अस्वल जन्मलं! वरचं १६० चं उदाहरण आठवा. यावर उपाय म्हणजे सगळे निकाल एकमेकांशी ताडून बघायचे आणि ज्या दोन सॅम्पलमध्ये फक्त एक किंवा दोन जागी फरक आहे त्या जागा परत चालवायच्या. खरी वेगळी अस्वलं सहसा बऱ्याच जागी वेगळी असतात, एकाच जागी फरक दिसला की संशय घ्यायचा. विष्ठेचं सॅम्पल असेल तर सुरुवातीपासूनच तेच तेच तीन-चार वेळा चालवतात. लॅबला बिनधास्त विचारा की जवळजवळ जुळणाऱ्या जोड्यांचं तुम्ही काय केलं. नीट उत्तर मिळालं नाही तर लॅब बदला.

नर-मादी पण डीएनएवरून कळतं, पण त्यात तोच धोका, नराच्या वाय गुणसूत्राचा तुकडा दिसला नाही तर नराची मादी होते.

२००४ च्या त्या कामात ३३,७४१ केसांची सॅम्पल आली आणि त्यातून ५६३ वेगवेगळी ग्रिझली ओळखली गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बरीच सॅम्पल काळ्या अस्वलांची, बरीच एकाच अस्वलाची, बरीच डीएनए नसलेली. बजेट करताना "एक सॅम्पल म्हणजे एक अस्वल" असं धरू नका.

आकडा काढणं

५६३ ही ओळखलेली अस्वलं, पण एकूण किती? त्यांचा अंदाज आला ७६५, आणि सोबत पल्ला ७१५ ते ८३१, म्हणजे खरा आकडा बहुधा या दोघांच्या मध्ये. तो पल्ला नेहमी लिहायचा. नुसतं ७६५ लिहिणं म्हणजे अर्धी माहिती लपवणं, आणि पेपरवाले तेवढंच छापतात ही वेगळी गोष्ट.

आजकाल नवीन लोकांनी सरळ जागेसकट हिशोब करणारी पद्धत शिकावी, एसईसीआर म्हणतात, आर (R) या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये secr हे मोफत पॅकेज आहे. कल्पना अशी की प्रत्येक अस्वलाच्या फिरण्याला एक केंद्र असतं, ट्रॅप केंद्राजवळ असेल तर सापडायची शक्यता जास्त, लांब गेलं की कमी कमी होत जाते. कोणतं अस्वल कुठल्या कुठल्या ट्रॅपला लागलं यावरून ही शक्यता किती वेगाने उतरते ते कळतं आणि शेवटी दर १०० चौरस किलोमीटरला किती अस्वलं हे निघतं. जुन्या पद्धतीत काठावरची अस्वलं, जी अर्धा वेळ ग्रिडच्या आत आणि अर्धा वेळ बाहेर असतात, ती डोकेदुखी होती, हिच्यात ती आपोआप हिशोबात येतात. पण त्यासाठी एकच अस्वल दोन वेगळ्या ट्रॅपला लागलं पाहिजे, एकाच ट्रॅपला दहा वेळा लागून उपयोग नाही. परत ग्रिडवर आलो बघा.

नर आणि मादी वेगळे धरून हिशोब करा, फिरणंच वेगळं आहे त्यांचं. आणि परतभेटी मोजक्याच असतील, म्हणजे हाताच्या बोटांवर, तर आकडा छापू नका, अजून एक सीझन काम करा.

खर्चाचं एक बोलतो. मॉन्टानाच्या कामाला जवळजवळ ५० लाख डॉलर लागले आणि २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत जॉन मॅककेन यांनी अस्वलांच्या डीएनएवर पैसे उधळले म्हणून त्याचं उदाहरण दिलं होतं. मला ते पटत नाही. ग्रिझली १९७५ पासून कायद्याने संरक्षित, तीस वर्षं तिच्या नावाने रस्ते अडले, लाकूडतोड थांबली, भांडणं झाली, आणि अख्ख्या भागात ती आहेत किती याचा भरवशाचा आकडा कोणाकडेच नव्हता. आपल्याकडे अस्वलांच्या हल्ल्यानंतर गावात "अस्वलं फार वाढलीत" असं म्हणतात, वनविभाग म्हणतो वाढली नाहीत, जंगल कमी झालं, आणि दोघांकडे आकडा नसतो. त्या जखमी माणसासाठी आणि त्या अस्वलासाठी, दोघांसाठी आकडा हवाय.

उरलेली सॅम्पल

लॅबमधून काम झाल्यावर उरलेले केस आणि काढलेला डीएनए परत मागा किंवा तिथेच नीट ठेवायची लेखी सोय करा. डीएनए खोल फ्रीझरमध्ये, केस कोरड्या जागी अंधारात, खोलीच्या तापमानाला पण वर्षानुवर्षं टिकतात. पाच वर्षांनी तुम्ही किंवा दुसरं कोणी त्याच जंगलात परत काम करेल तेव्हा जुनी अस्वलं नवीन यादीत सापडतील, कोण टिकलं, कोण या जंगलातून त्या जंगलात गेलं, कोणाची पिल्लं आहेत हे कळेल. त्यासाठी पाकिटाचा नंबर, ट्रॅपचा नंबर आणि लॅबचा नंबर या तिघांची एकच एक्सेल फाइल ठेवा, दोन ठिकाणी कॉपी करा, आणि एक प्रिंट काढून सॅम्पलच्या डब्यातच ठेवा.